सेंट एमिलियन : वाईन नंतर, आधी जमिनीखालची टूर करा

फ्रान्समधल्या बोर्डो शहराजवळच्या या गावात बहुतेक लोक येतात, दोन-तीन वाईन टेस्ट करतात, फोटो काढतात आणि ट्रेन पकडतात. पण टुरिस्ट ऑफिसची जमिनीखालची गाईडेड टूर केली नाहीत तर गाव बघितलंच नाही असं मी तरी म्हणेन.

८व्या शतकात फ्रान्सच्याच वायव्येकडच्या ब्रिटनी भागातून आलेला एमिलियन नावाचा साधू जिथे राहिला असं मानतात त्या गुहेत आधी नेतात, आत झरा आहे, आणि मग येतं ते चर्च. अख्खं चुनखडीच्या कड्यात कोरलंय, म्हणजे वेरूळ पाहिलेल्या माणसालाही थांबून बघावंसं वाटेल असं, आणि त्याच्या बरोब्बर डोक्यावर ६८ मीटरचा घंटेचा मनोरा! तो भार पेलायला आतल्या जाड खांबांना लोखंडी पट्टे आवळलेत, भिंतींवर छिन्नीचे घाव अजून स्पष्ट दिसतात. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे, लोक नीट बघतात तरी.

आमची गाईड फार छान बोलली. गावाखालचा दगड काढून इथली घरं बांधली, बोर्डोतल्या इमारतींनाही तो गेला, आणि रिकाम्या झालेल्या खाणींमध्ये वाईन ठेवायला लागले कारण आत वर्षभर गारवा तसाच राहतो. वर त्याच चुनखडीवर मर्लो आणि कॅबर्ने फ्रांक या द्राक्षांच्या बागा. हे ऐकून मग ग्लास हातात घेतला की चवीकडे लक्ष जातंच. १९९९ मध्ये युनेस्कोने नुसतं गाव नाही तर आजूबाजूच्या द्राक्षबागांसकट सगळा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला, ते का हे इथे कळतं.

जुराद म्हणून इथल्या वाईनचा मान सांभाळणारी ११९९ पासूनची एक मंडळी आहे, मध्ये बंद पडलेली, १९४८ ला परत सुरू केली, सप्टेंबरमध्ये लाल झगे घालून राजाच्या बुरुजावरून द्राक्षतोडणीची घोषणा करतात. जमलं तर तेव्हाच जा.

खटकलं एकच, चौकाजवळच्या एका वाईनच्या दुकानात टेस्टिंग फ्री म्हणून बसवलं आणि मग महागडी पेटी घ्या म्हणून इतकं मागे लागले की शेवटी उठून आलो. त्यापेक्षा मॅकरॉन, म्हणजे बदामाची बिस्किटं, घ्या, इथे १६२० पासून करतात. पॅरिससारखे रंगीत क्रीमवाले नाहीत, बदाम, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग, बस, कागदाला चिकटलेले मिळतात, बाहेरून कुरकुरीत आतून मऊ.

बूट चांगले घाला, उतारावरचे दगडी रस्ते भयंकर घसरडे आहेत, म्हणून तर मधोमध कठडे लावलेत. स्टेशनपासून गाव वीसेक मिनिटं चालत, बागांमधून. इंग्लिश टूरच्या वेळा कमी असतात, आधीच बुक करा.