ठाणे की नवी मुंबई: पाणी कोणाचं, जमीन कोणाची?

ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ ची. पाण्यात मात्र धाकटीच पुढे, म्हणून राहायला मी नवी मुंबईच निवडेन. खालापूरजवळचं मोरबे धरण तिच्या स्वतःच्या मालकीचं आहे. ठाण्याची स्वतःची योजना आहे, तरी स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिकेकडूनही पाणी घ्यावं लागतं. घोडबंदर रोडला आधी टॉवर उभे राहतात, मग टँकर येतात. याचा मला मनापासून राग येतो. पाण्याची सोय नसेल तर बांधकाम परवानगी देऊच नये.

जमिनीचं उलट आहे. नवी मुंबईत शिल्लक भूखंड सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या हाती. महापालिकेला मैदानासाठीही तिथेच मागणी करावी लागते. आणि ज्यांच्या शेतांवर हे शहर वसलं, त्यातल्या पाच जणांचा १९८४ च्या आंदोलनात जीव गेला, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत मिळण्याची वाट मोकळी झाली.