रंगीत ई-इंक पडद्यावर चित्रकथा

गेले चार महिने मी ७ इंची रंगीत ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचे ई-पुस्तके वाचण्याचे उपकरण, रोज वापरतो आहे आणि तो मुख्यतः चित्रकथांसाठी घेतला असल्यामुळे त्याच निकषावर त्याचे मूल्यमापन करणे मला योग्य वाटते. या पडद्यात सूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे कण विद्युतभारामुळे वर-खाली सरकतात आणि पान उलटेपर्यंत जागचे हलत नाहीत. त्यामुळे पडद्याला वीज लागते ती जवळपास केवळ पान बदलताना, आणि पडदा उजळणारा दिवा मंद ठेवला तर एकदा चार्ज केलेला रीडर मला दोन आठवडे सहज पुरतो.

मजकूर वाचताना तक्रारीला जागाच नाही. रंगांचे मात्र तसे नाही. कृष्णधवल चित्र प्रति इंच ३०० बिंदूंनी उमटते, पण रंग १५० बिंदूंवरच थांबतात आणि काळ्या-पांढऱ्या कणांना रंग देण्यासाठी वर बसवलेल्या रंगगाळणीमुळे पडदा मुळातच किंचित करडा दिसतो. मावळतीच्या आकाशाचा केशरी रंग इथे अनेकदा धुतलेल्या कापडासारखा विटका वाटतो, याचे मला मनापासून वाईट वाटले. संवादांच्या फुग्यांतली बारीक अक्षरे वाचण्यासाठी चौकट मोठी करावी, तर पडदा क्षणभर काळा होऊन उजळतो आणि कथेची लय तुटते. उलट शाईने रेखाटलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रकथा इतक्या सुरेख दिसतात, की कुंचल्याच्या फटकाऱ्याची कोरडी कडसुद्धा नजरेत भरते. अशा चित्रकथांच्या वाचकाने ई-इंक रीडर जरूर घ्यावा, मात्र बिनरंगी आणि शक्यतो १० इंची; रंगीत चित्रकथांसाठी टॅबलेटच बरा.