‘द प्रेस्टिज’ की ‘द इल्युजनिस्ट’: जादूचा सिनेमा निवडताना

पडद्यावर जादू करणं तसं फार सोपं असतं. कॅमेरा थांबवायचा, माणसाला बाजूला करायचं, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. झाला माणूस गायब! प्रेक्षकालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे सिनेमात कबुतर नाहीसं झालं म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. मग जादूगारावरच्या सिनेमानं आपल्याला धरून ठेवायचं कशाच्या जोरावर? २००६ साली आलेल्या या दोन सिनेमांनी त्याची अगदी उलटी उत्तरं दिली. गंमत म्हणजे रिकी जे आणि मायकेल वेबर हे जादूचे सल्लागार दोन्हीकडे तेच. तेव्हा आधी कुठला बघायचा हे ठरवताना स्वतःला एवढंच विचारा: गुपित कळलेलं तुम्हाला आवडतं का?

आवडत असेल तर ‘द प्रेस्टिज’. क्रिस्टोफर नोलनच्या या सिनेमात जुन्या लंडनमधले दोन जादूगार एकमेकांच्या मुळावर उठलेत. यातला पिंजऱ्याचा प्रयोग बघा. कापडाखालच्या पिंजऱ्यावर जादूगार थाडकन हात मारतो, पिंजरा पक्ष्यासकट गायब होतो आणि पुढच्या क्षणी पक्षी हजर. सगळे खूश, फक्त एक लहान मुलगा रडतो. जिवंत पक्षी समोर धरला तरी त्याची समजूत पटत नाही. याचा भाऊ कुठे आहे, असं विचारतो. पोराचं बरोबर असतं. पिंजरा घडीचा असतो, तो टेबलात चपटा होतो आणि आतला पक्षी खरोखर चिरडला जातो. दाखवला तो दुसरा. एरवी गुपित फुटलं की मजा संपते. इथे गोष्ट तिथूनच सुरू होते, कारण पुढे प्रत्येक प्रयोगाची किंमत कुणीतरी मोजतोच.

माशांचं भांडं अचानक हजर करणारा जादूगार चंग लिंग सू यात ओझरता येतो. भांडं झग्याआड पायांत धरता यावं म्हणून तो स्टेजबाहेरही जन्मभर लंगड्या म्हाताऱ्यासारखा चालतो, असं सिनेमा दाखवतो. खरा चंग लिंग सू तर चिनीही नव्हता. विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन माणूस वर्षानुवर्षं ते सोंग वठवत होता. १९१८ साली लंडनमध्ये बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग फसला आणि त्यातच तो गेला. सिनेमानं ही बाजू सोडली याची हळहळ वाटते. शेवटाकडे संशोधक निकोला टेस्लाच्या यंत्रामुळे कथा विज्ञानकथेत शिरते. निव्वळ हातचलाखी बघायला बसलेल्यांना ते खटकेल. मला चाललं.

नील बर्गरच्या ‘द इल्युजनिस्ट’मध्ये व्हिएन्ना आहे, प्रेमकथा आहे आणि एडवर्ड नॉर्टनचा शांत जादूगार आहे. तो बीपासून बघता बघता संत्र्याचं झाड उगवून दाखवतो आणि दोन फुलपाखरं रुमाल उचलून धरतात. हा प्रयोग काल्पनिक नाही. रॉबेर-हूदँ या फ्रेंच जादूगारानं १९व्या शतकात असं यांत्रिक झाड पॅरिसमध्ये दाखवलं होतं. त्यावरची संत्री खरी असत, आधीच फांद्यांना टोचून पानांआड लपवलेली. फुलपाखरांसाठी उघडणारं संत्रं तेवढं नकली. सिनेमातलं झाड मात्र संगणकानं वाढवलेलं सरळ दिसतं आणि तिथेच जादू थोडी पातळ होते. पुढे रंगमंचावर मृतांचे आत्मे अवतरतात, त्याचाही उलगडा नीट होत नाही. पण फिलिप ग्लासचं संगीत आणि गोंधळात पडलेला पोलीस अधिकारी झालेला पॉल जियामाटी यांच्यासाठी मी तो पुन्हाही बघेन. कसं केलं हे न कळताच भारावून जायला आवडत असेल, तर हाच निवडा.

‘नाऊ यू सी मी’ (२०१३) तिसरा पर्याय. लास वेगासच्या मंचावर बसून पॅरिसची बँक लुटायची आणि मग मॉर्गन फ्रीमननं ते कसं घडलं हे फोडून सांगायचं. वेग झकास, पण उलगडा मूळ प्रयोगाहून अशक्य वाटतो. पॉपकॉर्नसोबत ठीक.

घरची लहान मुलं सोबत असतील तर ‘द प्रेस्टिज’ नको. त्यात फाशी आहे, बुडून मरणं आहे. हा सिनेमा फोन बाजूला ठेवून बघा, कारण काळाचे तुकडे पुढे-मागे होतात आणि एक डायरी दुसऱ्या डायरीच्या पोटात उघडते. आणि तो आधीच बघितलेला एखादा मित्र ‘अरे, हे तर त्या अमुक हिंदी सिनेमासारखं’ असं म्हणू लागला, तर नाव घेण्याआधीच त्याला गप्प करा. नुसत्या नावावरूनही शेवट फुटेल.