निर्बंध : एकट्याचे की सगळ्यांचे?

अमेरिकेने १९६२मध्ये क्यूबाशी व्यापार बंद केला. २०००नंतर रोखीने धान्य विकायची मुभा मिळाली, बाकी बंदी कायम. राजधानी हवानातली साम्यवादी राजवट मात्र जागची हलली नाही. १९९६च्या हेल्म्स-बर्टन कायद्यामुळे राष्ट्राध्यक्षाला एकट्याला ही बंदी उठवता येत नाही. त्यात फ्लोरिडातल्या, त्या राजवटीच्या विरोधातल्या क्यूबन मतदारांना दुखवायला कुणी धजावत नाही. संयुक्त राष्ट्रांची आमसभा १९९२पासून जवळजवळ दरवर्षी या बंदीविरोधी ठराव करते, फरक शून्य.

गोऱ्यांच्या वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेचं वेगळं. भारताने १९४६मध्ये, स्वतः पारतंत्र्यात असतानाच, तिच्याशी व्यापार तोडला. १९७७मध्ये सुरक्षा परिषदेची शस्त्रबंदी आली. १९८५मध्ये विदेशी बँकांनी कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला, हा घाव वर्मी बसला. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंध लादले. १९९४मध्ये सर्वांना मताधिकार मिळाला. खरा लढा तिथल्या लोकांचाच, पण बाहेरून सगळ्यांनी हात आखडल्याने बळ मिळालं.

मला दुसरा मार्गच पटतो. एकट्याच्या बंदीची झळ भलत्यांनाच लागते, हे आम्हा इंदूरकरांना ठाऊक आहे. इराण इथल्या सोयापेंडीचा मोठा गिऱ्हाईक होता. भारत तेलाचे पैसे रुपयांत जमा करायचा, त्यातून इराण पेंडीचे पैसे चुकवायचा. अमेरिका इराणसोबतच्या अणुकरारातून बाहेर पडली, २०१९मध्ये तिच्या दबावाने तेलखरेदी थांबली, रुपयांचं ते खातं आटत गेलं आणि पेंडीची मागणीही. माळव्यातल्या सोयाबीन उत्पादकाचा अणुकराराशी काय संबंध होता?