हातचं हेमस्टिच सांगून मशीनचं गळ्यात

म्हापशाला आहेरासाठी घेतलेला एक संच तपासायला आमच्याकडे आला: टेबलक्लॉथ आणि बारा नॅपकिन. विकताना सांगितलं होतं, प्युअर लिनन, दोरे काढून हातानं केलेलं. बिलावर मात्र नुसतं 'एम्ब्रॉयडरी सेट'. पहिल्याच धुण्यात टेबलक्लॉथची जाळी बुजली आणि चार नॅपकिनांचे कोपरे सुटले. तक्रार केल्यावर उत्तर ठरलेलं: तुम्ही गरम पाण्यात घातलं असणार!

गरम पाण्याचा इथे संबंधच नाही. खऱ्या हेमस्टिचमध्ये काठालगतचे आडवे दोरे कापून एकेक ओढून काढतात आणि उरलेल्या उभ्या दोऱ्यांच्या तीन-तीन, चार-चारच्या जुड्या बांधतात. काढलेला दोरा परत येत नाही, मग भोक बुजेल कसं? मशीनची पंखवाली जाड सुई दोरे फक्त बाजूला सारते. कडक खळ आहे तोवर भोकं उघडी, खळ गेली की दोरे पुन्हा जागेवर. म्हणून दुकानातच पट्टी उजेडासमोर धरा, मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. जुड्यांच्या दोन्ही अंगांना आडवे दोरे दाटलेले दिसले, तर काढलेलं काहीच नाही. उलट बाजूला बॉबिनच्या दोऱ्याची टीप दिसली, तर मशीनच. मशीनचं काम वाईट असतं असं नाही, पण त्याला हातकामाचा भाव का द्यायचा?

यातली खरी लबाडी त्या चार नॅपकिनांत होती. ते हातचेच होते, नमुना म्हणून गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलेले. बाकीचे आठ मशीनचे. पण त्या हातच्या चारांतही दोरे थेट कडेपर्यंत ओढून काढलेले. उभ्या-आडव्या पट्ट्या जिथे छेदतात तिथे चौकोनी भोक पडतं, त्याच्या कापलेल्या कडा गोंदानं चिकटवल्या होत्या. गोंद विरघळला, कोपरा उसवला. नीट कामात दोरा कोपऱ्याआधीच कापून शेपूट काठात परत ओवतात आणि भोकाची कड काजाच्या टाक्यानं बांधतात. नखानं कोपरा हलकेच खरवडून बघा. पांढरी पापडी निघाली तर घेऊ नका.

लिननची परीक्षा वेगळी. दुमडीच्या आतला एक दोरा काढून जाळा. वितळून टणक मणी झाला, तर त्यात पॉलिस्टर आहे. कागदासारखा जळून राख झाली तरी लिननच असं नव्हे, कॉटनही तसंच जळतं.

बिलावर 'हातकाम' आणि कापडाचं नाव लिहून घ्या, नाहीतर ग्राहक आयोगापुढे तुमचं म्हणणं लंगडं पडतं. आयोगाकडे जायची मुदत 2 वर्षं आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तोवर उसवलेला कोपरा शिवू नका, खळ घालून इस्त्रीही करू नका. आहे तसाच फोटो काढून बिलासोबत ठेवा.