हँडल फिरवायचा वादळी रेडिओ: घ्यावा, पण एवढ्यावर भागत नाही

आम्ही फ्लोरिडात पिनेलस काउंटीत राहतो. घर स्थलांतराच्या कुठल्याच झोनमध्ये येत नाही, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन चक्रीवादळ आलं तेव्हा घरीच थांबलो. वीज गेली, मग रेंजही. बाहेरची खबर फक्त या रेडिओवर येत होती, १६२.५५० मेगाहर्ट्झवरचं टँपाचं हवामान केंद्र अगदी स्वच्छ लागतं.

हँडल मात्र आईच्या हाताला फार जड जातं. त्यावर मोबाइल चार्ज करायची आशा धरू नका. साध्या सेलचा कप्पा आहे, तोच खरा कामाचा.

मोठी उणीव म्हणजे आपल्या काउंटीचा (जिल्ह्याचा) कोड टाकून फक्त तिथलेच इशारे घ्यायची सोय नाही. लांबच्या काउंटीच्या इशाऱ्यालाही भोंगा वाजतो, मग माणूस वैतागून तो बंदच करतो, आणि हे धोक्याचं आहे. मिल्टन किनाऱ्याला धडकण्याआधीच पलीकडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट लुसी काउंटीत टोर्नेडोंनी माणसं गेली. झोपेत इशारा हवा असेल तर कोडवाला टेबल रेडिओ वेगळा घ्या. पिनेलसचा कोड ०१२१०३.

घ्यायचा तर १ जूनच्या आत, म्हणजे वादळांचा हंगाम सुरू होण्याआधी घ्या. वादळाला नाव पडलं की दुकानात सेलसुद्धा मिळत नाहीत.