तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर: फायब्रोमायल्जियासाठी घ्यावं का?

कोविडच्या काळात घरोघरी आलेलं हे श्वासाच्या व्यायामाचं यंत्र आता फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखण्याचा आणि थकव्याचा आजार, असलेल्या बायकाही वापरताना दिसतात. औषधाच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांपासून मिळतं. प्लास्टिकच्या तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत चेंडूसारखी एक हलकी गोळी, एक लवचीक पाइप आणि तोंडात धरायचा माउथपीस, एवढाच सगळा कारभार. श्वास आत ओढला की गोळ्या वर उचलल्या जातात. घ्यायला हरकत नाही, पण घ्यायचं ते पहिल्या गोळीसाठी. तिसऱ्या गोळीच्या मागे लागलं की या आजारात फायद्यापेक्षा मानदुखीच जास्त पदरात पडते.

नळ्यांवर 600, 900, 1200 असे आकडे असतात. फुप्फुसात तेवढी हवा गेली, असा अर्थ सर्रास काढला जातो. तो चूक आहे. आकडा वेगाचा आहे: सेकंदाला इतके सीसी. पहिली गोळी तीन सेकंद वर धरली तर साधारण 1800 सीसी हवा आत जाते. तिन्ही गोळ्या अर्ध्या सेकंदापुरत्या उडवल्या तर जेमतेम 600. म्हणजे दिसायला भारी तो श्वास उथळ, आणि एकच गोळी संथपणे तरंगवणारा श्वास खोल. यंत्राची रचनाच अशी की मोह उलट्या बाजूला होतो.

तिसरी गोळी उडवायला श्वास झटक्यात ओढावा लागतो. मग खांदे वर जातात, मानेचे स्नायू ताठतात आणि पोट आत जातं. निदानासाठीच्या 1990च्या निकषांमध्ये या आजाराचे 18 दुखरे बिंदू दिले होते. त्यांत मानेचा पुढचा भाग, खांद्यावरचा स्नायू आणि दुसऱ्या बरगडीचा सांधा हे सगळे येतात. नेमक्या त्याच जागांवर हा झटका बसतो. या आजारात फुप्फुसाच्या तपासणीचा रिपोर्ट बहुधा नॉर्मल असतो, तरी जिना चढताना दम लागतो. काही अभ्यासांत श्वास ओढणाऱ्या स्नायूंची ताकद आणि छातीचा फुलाव कमी आढळला आहे. म्हणून छाती सावकाश फुलवण्याचा सराव हवा, शर्यत नको.

वापरायचं असं. पाठीला टेकू देऊन खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, एका हातात यंत्र, दुसरा हात पोटावर. यंत्र डोळ्यांसमोर सरळ उभं धरा. तिरकं धरलं की गोळी कमी जोरातही वर जाते आणि फसवणूक आपलीच होते. आधी नेहमीसारखा श्वास सोडा, मग माउथपीसभोवती ओठ घट्ट मिटून हळूहळू आत ओढा. पोटावरचा हात आधी पुढे आला पाहिजे. पहिली गोळी तीन सेकंद वर, दुसरी खालीच. माउथपीस काढा, दोन सेकंद थांबा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. असे पाच श्वास, मग एक मिनिट साधा श्वास, पुन्हा पाच. सकाळ-संध्याकाळ एवढंच.

घाईने ओळीने वीस-पंचवीस श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. या आजारात मुंग्या तशाही येत असल्याने 'दुखणं वाढलं' असं वाटून भीती बसते. या आजारात दिलं जाणारं प्रीगॅबालिन हे औषध चालू असेल तर त्यानेही चक्कर येऊ शकते, तेव्हा उभ्याने करूच नका.

गोळी हलतच नसेल तर बहुतेक वेळा फुंकलं जात असतं. लोक याला 'फुंकायचं मशीन' म्हणतात, आणि नावच घात करतं. ओढूनही हलत नसेल तर पाइपचा सांधा सैल आहे, ओठांच्या कडेने हवा शिरते आहे, किंवा ओलाव्याने गोळी चिकटली आहे.

यंत्राची खरी मर्यादा अशी की स्नायूंची ताकद वाढवायला ठरावीक ओझं लागतं. इथे ते श्वासाच्या वेगाप्रमाणे बदलतं. त्यासाठी स्प्रिंगची झडप असलेला ट्रेनर वेगळा मिळतो. तो बराच महाग असतो आणि श्वासाचा दाब मोजून फिजिओथेरपिस्टकडूनच लावून घ्यावा.

आणि चालणं? त्याची जागा कुठलंच यंत्र घेत नाही. युरोपातल्या संधिवात संघटनेच्या सुधारित शिफारशींमध्ये ठाम शिफारस मिळाली ती फक्त व्यायामाला. सपाट रस्त्यावर पाच ते दहा मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, एवढ्यावर सुरुवात करा. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवत वीस-तीस मिनिटांपर्यंत न्या. दुसऱ्या दिवशीही अंग जास्तच ठणकत राहिलं तर वेळ निम्मी करा, बंद करू नका. आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात तासभर चालून येणं हा तर हमखास अंथरुण धरण्याचा मार्ग. फरक कळायला काही आठवडे जातात. यंत्राचे पाच श्वास चालण्याआधी घेतले तर खांदे सैल होतात आणि पोटाने श्वास घेण्याची आठवण राहते. त्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच.

दम नव्यानेच लागायला लागला असेल, छातीत दाब येत असेल किंवा पायाला सूज असेल तर खरेदी नंतर, आधी डॉक्टर. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्या. सगळा थकवा फायब्रोमायल्जियाच्या नावावर टाकायची सवय वाईट.

माळ्यावर पडलेलं जुनं यंत्र वापरणार असाल तर माउथपीस आणि पाइप नवे घ्या. रोज माउथपीस कोमट साबणपाण्यात धुवा, पूर्ण वाळू द्या. उकळू नका, प्लास्टिक वाकडं होऊन ओठ नीट मिटत नाहीत. एकाच्या तोंडचं दुसऱ्याने वापरू नये, हे घरातल्या घरातही.